संगणक-शंका: पावत्या काढणारी स्क्रिप्ट

प्रश्न (रामबाग, इंदूर): आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीदारांची यादी एक्सेलमध्ये आहे, ४१२ नावं. तिची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी फाइल) करून पायथन भाषेतल्या स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रॅमने) प्रत्येकाची पावती वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये काढतो. घरच्या लिनक्सवर चालतं, पण मंडळाच्या विंडोज संगणकावर पहिल्याच पावतीला ‘चारमॅप’ नावाची एरर येते. शिवाय घरी ४०९ पावत्याच निघाल्या आणि एररही आली नाही.

उत्तर: न बोलता झालेली चूक जास्त घातक, म्हणून आधी त्या तीन पावत्यांचं बघू. तुम्ही फाइलला वर्गणीदाराचं नाव देत असणार. यादीत एकाच नावाची दोन माणसं असली की दुसरी पावती पहिलीवर लिहिली जाते, कारण ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याच्या मोडमध्ये उघडलेली फाइल काही न विचारता आधी रिकामी होते. फाइलला पावती क्रमांकाचं नाव द्या आणि तो तीन आकडी ठेवा: ००१, ००२. नाहीतर कमांड लाइनवरच्या यादीत १० हा २ च्या आधी येतो. मोड ‘एक्स’ ठेवा. त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथन तिथेच थांबतो आणि तसं सांगतो.

आता चारमॅप. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर पायथन त्या संगणकाचं ठरलेलं एन्कोडिंग घेतो. लिनक्सवर ते बहुतेक यूटीएफ-८ असतं, त्यात देवनागरी बसते. इंग्रजी विंडोजवर मात्र सहसा १२५२ क्रमांकाचं कोड पेज (मोजक्या अक्षरांचा जुना तक्ता) असतं आणि त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. म्हणून प्रत्येक ‘ओपन’मध्ये, वाचताना आणि लिहिताना, एन्कोडिंग स्वतः लिहा. पावत्यांना साधं यूटीएफ-८ पुरे. एक्सेलमधून आलेली सीएसव्ही वाचताना मात्र ‘यूटीएफ-८-सिग’ घ्या. एक्सेल फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतं. ती काढली नाही तर पहिल्या स्तंभाच्या मथळ्याला चिकटते. मग पडद्यावर ‘नाव’ दिसतं, पण ‘नाव’ मागितलं की ‘की-एरर’ येते, म्हणजे असा मथळाच सापडत नाही. तो मथळा ‘रेप्र’मधून (अदृश्य चिन्हंही दाखवणाऱ्या फंक्शनमधून) छापून बघा, खूण लगेच दिसेल. उलट, एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही तुम्ही तयार करत असाल तर तीही सिग लावूनच लिहा, म्हणजे नावांची गिचमिड होणार नाही. शिवाय ती उघडताना ‘न्यूलाइन’ या पर्यायाला रिकामं अवतरण द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते.

एक्सेलमधून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि त्या फाइलमधून नावं परत मिळत नाहीत.

नावं दुबार आली आहेत का हे तपासताना मराठीची एक खास अडचण येते. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. ते ‘ऱ’ हे एकसंध अक्षर आणि हलन्त वापरून लिहिलं तर पायथन ७ घटक मोजतो. कुणी साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून टंकलं असेल तर ८. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पायथनला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. पायथनच्या ‘यूनिकोडडेटा’ मॉड्यूलमधल्या एनएफसी (सुटे घटक जोडून एक करणाऱ्या) रूपांतराने ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ एकसंध होतो, पण जोडचिन्हाचा प्रकार तसाच राहतो. तो ‘रिप्लेस’ने वेगळा बदलावा लागतो. तुलनेआधी दोन्ही करा.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): पावतीचा मजकूर वेगळ्या नमुना-फाइलमध्ये ठेवायचा आहे. पायथनच्या ‘स्ट्रिंग टेम्प्लेट’मध्ये डॉलर चिन्हापुढे ‘नाव’ लिहिलं तर एरर येते. काही पावत्यांवर रकमेच्या जागी ‘नन’ छापलं गेलं.

उत्तर: ‘टेम्प्लेट’ला डॉलरनंतर रोमन अक्षरच लागतं, देवनागरी चालत नाही. तुमच्या सीएसव्हीचे मथळे मराठीत आहेत, तर महिरपी कंसात ‘नाव’, ‘रक्कम’ असं लिहा आणि यादीची ओळ ‘फॉरमॅट-मॅप’ला (मथळ्यांच्या जागी किमती भरणाऱ्या फंक्शनला) द्या. मथळ्यात मोकळी जागा असली तरी चालतं. नमुन्यात खरा महिरपी कंस छापायचा असेल तर तो दुहेरी लिहा.

‘नन’ म्हणजे पायथनमधलं ‘काहीच नाही’, ते येतं अपुऱ्या ओळींमुळे. ओळीत स्तंभ कमी पडले की सीएसव्ही वाचणारा ‘डिक्ट-रीडर’ उरलेल्या जागी नन भरतो आणि पुढे ते सरळ पावतीवर उतरतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पूर्ण यादी वाचा, प्रत्येक ओळ तपासा, सगळ्या चुका ओळ क्रमांकासकट एकदम दाखवा, आणि एकही चूक उरली नाही तरच पहिली फाइल लिहा. ४१२ ओळी मेमरीत घ्यायला क्षणही लागत नाही. अर्ध्या पावत्या काढून थांबलेली स्क्रिप्ट खजिनदाराला फार ताप देते, कुठून पुढे करायचं तेच कळत नाही.

रक्कम तपासताना, ‘५०१’ असं देवनागरीत टंकलेलं ‘इंट’ला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) चालतं. ‘१,१००’ किंवा ‘५०१/-’ चालत नाही, ते आधी साफ करावं लागतं. छापताना स्वल्पविरामाचा तयार फॉरमॅट वापरू नका, तो एक लाखाला १००,००० लिहितो.

प्रश्न (टिळक नगर, इंदूर): स्क्रिप्ट आता खजिनदारकाकांनीच चालवावी असं ठरलंय. कमांडसोबत पर्याय कसे द्यावेत? एकदा मध्येच लाइट गेली आणि जुनी हिशेबाची फाइलही अर्धीच उरली.

उत्तर: पर्यायांना पायथनमधलंच ‘आर्गपार्स’ वापरा, वेगळं काही बसवावं लागत नाही आणि मदतीचा मजकूरही आपोआप तयार होतो. त्यातली पर्यायांची वर्णनं मराठीत लिहा. यादीची फाइल सक्तीची, पावत्यांचा फोल्डर ऐच्छिक, आणि ‘फक्त तपासा’ असा एक पर्याय असू द्या, ज्यात काहीच लिहिलं जात नाही. या तिसऱ्या पर्यायाला ‘टाइप’ म्हणून ‘बूल’ (खरं-खोटं) देऊ नका: ‘फॉल्स’ हा शब्द लिहिला तरी तो रिकामा नाही म्हणून ‘ट्रू’ धरला जातो. ‘स्टोअर-ट्रू’ ही ‘अ‍ॅक्शन’ द्या, म्हणजे नुसता पर्याय लिहिला की ‘ट्रू’.

चुका स्टँडर्ड एररवर (चुकांसाठीच्या वेगळ्या मार्गावर) छापा आणि शेवटी १ हा एक्झिट कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) द्या. पर्याय चुकला तर आर्गपार्स स्वतःच २ देतो. पावत्यांनंतर छपाईची कमांड जोडली असेल तर ती याच कोडवरून थांबते.

हिशेबाची फाइल थेट लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, बंद करा, मग ‘ओएस’मधल्या ‘रिप्लेस’ने मूळ नाव द्या. लिहिता लिहिता लाइट गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. ‘रीनेम’ नको, विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर ते नकार देतं. तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर रिप्लेसही चालत नाही. आणि ‘परमिशन-एरर’ आली तर आधी बघा, काकांनी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवली आहे का.