भावाला मशीन नको, मग काय देऊ?

प्रश्न : मी कांदिवलीला राहते, नोकरी करते. धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात तीन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, भरपूर दूध देणारी विदेशी जात) गाई सांभाळतो, दूध डेअरीत घालतो. भाऊबीजेला त्याला दूध काढायचं मशीन द्यायचं ठरवलं होतं, तर तो नकोच म्हणतो. आमचे शेजारी म्हणाले, "हे लोक सुधारणार नाहीत." त्याला कसं पटवू?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : यंदा ओवाळणी उलटीकडून निघालीय, छान आहे! पण पटवू नका. तीन गाईंची धार हातानं पाऊण तासात होते. मशीननं त्यातला थोडा वेळ वाचेल, पण नळ्या, रबरं, बादली दोन्ही वेळा गरम पाण्यानं धुवायची. त्यात हयगय झाली की दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण. वीज गेली की पुन्हा हातच. नोकरीत असताना मीच एका शेतकऱ्याच्या गळ्यात असं मशीन मारलं होतं. वर्षानं गेले, तर मशीनच्या बादलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.

शेजाऱ्यांना एकदा गोरेगावला न्या. शहरातल्या म्हशी 1949 पासून तिथल्या आरे कॉलनीत हलवल्या. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत असताना आम्ही तिथं जायचो. शे-शे म्हशींचे तबेले, आणि मी पाहिली ती धार हातानंच. त्या मालकांना कुणी 'हे लोक' म्हणत नाही.

आता मला सांगा, भावाच्या गोठ्यात पाणी कोण भरतं? बहुधा तुमची भावजय. 10-12 लिटर दूध देणारी गाय दिवसाला 60-70 लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात जास्तच. म्हणजे तिघींचं 200 लिटर, बादल्यांनी. दाव्याला बांधलेल्या गाईला दोनदा-तीनदा बादली दाखवली की ती अर्धी तहानलेलीच राहते, आणि दुधात तर 87 टक्के पाणीच असतं. मशीनच्या पैशात एक हौद, त्याला बॉलकॉक, भोवती जाळीचं कुंपण आणि वर थोडी सावली एवढं सहज बसेल. गाई आत मोकळ्या सोडायच्या. मग त्या रात्रीसुद्धा उठून पाणी पितात. शिवाय मोकळ्या गाई एकमेकींवर चढतात, त्यामुळे माज, म्हणजे गाय फळायला आल्याची वेळ, नजरेत येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं. तो हुकला की पुढचे 21 दिवस खुराक चालू आणि गाय रिकामी.

पैसे उरले तर मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या घ्या. मका दाणा चिकात असताना कुट्टी करून दाबून भरायचा, हवा राहू द्यायची नाही, 45 दिवसांनी उघडायचा. पण हे पुढच्या वर्षी केलं तरी चालेल.

फोन मात्र भावाला नको, भावजयीला करा. हौदाची उंचीही तिलाच ठरवू द्या, घासायचा तिलाच आहे.