'जिवाणू आढळला' की 'जिवाणूची ओळख पटली'?

रुग्णाच्या नमुन्याची जनुकीय तपासणी झाल्यावर 'जिवाणू आढळला' आणि 'जिवाणूची ओळख पटली' हे दोन प्रयोग एकाच अर्थाने वापरावेत का, असा प्रश्न आहे. माझ्या मते वापरू नयेत, कारण त्यांच्यामागच्या तपासण्याच वेगळ्या असतात.

पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्रात सहसा आधी ठरवलेल्या जनुकखंडाच्याच प्रती वाढवल्या जातात. क्षयरोगासाठी थुंकीवर केली जाणारी आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिलेली जीनएक्सपर्ट चाचणी क्षयाच्या जिवाणूतील आरपीओबी जनुकाचा ठरावीक भाग शोधते, आणि त्याच भागातील बदलांवरून तो जिवाणू रिफाम्पिसिन या औषधाला दाद देईल की नाही याचा अंदाज सुमारे दोन तासांत देते. परंतु थुंकीत न्यूमोनियाचा जिवाणू असला, तर त्याचे नाव तिच्याकडून कळणार नाही. येथे 'आढळला' किंवा 'आढळला नाही' एवढेच म्हणावे.

सर्व जिवाणूंत असणाऱ्या १६एस आरआरएनए या जनुकाच्या अनुक्रमणात, म्हणजे त्यातील डीएनएच्या घटकांचा क्रम वाचण्यात, मात्र हा जिवाणू कोणता, असा मोकळा प्रश्न असतो. सुमारे १५०० बेसजोड्यांच्या (डीएनएच्या घटकांच्या जोड्यांच्या) या जनुकाचे काही भाग जवळपास सर्व जिवाणूंत सारखे असल्यामुळे प्रायमरची (जेथून प्रती बनवायला सुरुवात होते त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) एकच जोडी बहुतेकांना लागू पडते; त्यांच्या मधले भाग जिवाणूगणिक बदलतात आणि त्यांची संग्रहातील अनुक्रमांशी तुलना करून नाव ठरते. त्या काळी प्रयोगशाळेत वाढवता न आलेला व्हिपल रोग या मुख्यतः आतड्याच्या दुर्मीळ आजाराचा जिवाणू १९९० च्या दशकाच्या आरंभी याच मार्गाने हाती लागला. तेथे 'ओळख पटली' हाच प्रयोग शोभतो, अर्थात जपून, कारण ई. कोलाय आणि शिगेला या आतड्यातील जिवाणूंचे हे जनुक इतके सारखे असते की केवळ त्यावरून दोघांत निवाडा करता येत नाही.

काटेकोरपणे पाहता 'आढळला' हेही थोडे अधिकच बोलणे आहे. उपचारांनी जिवाणू मेल्यावरही त्याचा डीएनए काही काळ नमुन्यात राहू शकतो, म्हणून उपचार चालू असलेल्या रुग्णाबाबत 'जिवाणूचा डीएनए आढळला' असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

जाता जाता, या तपासणीला नुसते 'जनुकीय चाचणी' म्हटले की वाचकाला रुग्णाची आनुवंशिकता तपासल्यासारखे वाटते. 'जिवाणूंची जनुकाधारित तपासणी' असे म्हटल्यास जनुक कोणाचे, याबद्दल शंका राहत नाही.