रविवारच्या शाळेत दयाळूपणा शिकवताना

ताई, आपल्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा : आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) रविवारच्या शाळेत सहा ते अकरा वर्षांची मुले आहेत, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळानिमित्त आपण ‘दयेची कृत्ये’ नोंदवण्याचा तक्ता भिंतीवर लावला आणि प्रत्येक कृत्यासाठी एक चांदणी देऊ केली. आता मुले चांदण्यांवरून भांडतात, एकमेकांची कृत्ये खोटी ठरवतात, आणि एकाने तर धाकट्या भावाला ढकलून पाडले, मग स्वतःच उचलून घेतले व चांदणी मागितली. हे कसे सावरावे आणि याहून बरा मार्ग कोणता, असे आपण विचारले आहे.

तक्ता येत्या रविवारीच उतरवावा, असे मला मनापासून वाटते. यात मुलांचा काही दोष नाही. ज्याला गरज आहे त्याच्यावरची मुलाची नजर असा तक्ता काढून घेतो आणि स्वतःच्या नावापुढच्या रकान्यावर खिळवतो. मग भाऊ पडला काय नि पाडला काय, मुलाला सारखेच वाटू लागते. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले वचन आपण मुलांकडून पाठ करून घेतो, तेव्हा निदान त्याच खोलीच्या भिंतीवर उजव्या हाताचा हिशेब टांगलेला नसावा. तक्ता उतरवताना मात्र मुलांना बोल लावू नये. ज्या मुलाच्या नावापुढे सर्वांत जास्त चांदण्या आहेत, त्याच्याशी आधी एकट्याशी बोलावे, कारण त्याने आपण सांगितले तेच मन लावून केले आहे.

आता मूळ मुद्दा. लहान मुलांना दयाळूपणाची कृत्ये शिकवण्याआधी पाहायला शिकवावे लागते. चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे लुटारूंनी जखमी करून वाटेत टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्या शोमरोनी जमातीच्या माणसाचा, दाखला (लूक १०) आपण नेहमी ‘कोणी मदत केली?’ या प्रश्नाने संपवतो आणि मुले एका सुरात उत्तर देतात. त्याऐवजी ‘त्या जखमी माणसाला कोणी कोणी पाहिले?’ असे विचारून पाहावे. याजकाने पाहिले, मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्याने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. फरक पडला तो पाहिल्यानंतर : पहिले दोघे बाजूने निघून गेले, शोमरोनी थांबला. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी ती वाट डोंगरातून सुमारे हजार मीटर खाली उतरते, ओसाड आहे, लुटारूंसाठी सोयीची आहे. तिथे थांबण्याची भीती वाटणे स्वाभाविक होते, हेही मुलांना सांगावे, म्हणजे पहिले दोघे त्यांना गोष्टीतले दुष्ट वाटणार नाहीत, आपल्यासारखेच वाटतील. मग शोमरोन्याने काय काय केले ते एकेक करून मुलांकडूनच काढून घ्यावे. तो जवळ गेला, जखमांना तेल व द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, रात्रभर काळजी घेतली, निघताना दोन दिनार दिले आणि परत येण्याचे वचन दिले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. यातले कुठलेही काम चमत्काराचे नाही, हे मुलांच्या फार लवकर ध्यानात येते.

आमच्या वर्गात पाठ सुरू होण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारते : ‘आज चर्चमध्ये येताना तुम्हांला कोण दिसले?’ सुरुवातीला उत्तरे कुत्र्याची, नव्या मोटारसायकलची येतात आणि ती यावीत. काही आठवड्यांनी उत्तरे बदलू लागतात. एका मुलीने सांगितले की, तिच्या पुढच्या बाकावरच्या आजी गीताचे पुस्तक उघडून धरतात, पण त्यांचे ओठ हलत नाहीत. मी फक्त ‘का बरे?’ एवढेच विचारले. पुढच्या रविवारी ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि प्रत्येक कडव्याची ओळ गाण्याआधी हळूच त्यांच्या कानात सांगू लागली; अक्षर बारीक असल्यामुळे आजींना ते दिसत नव्हते. ‘वृद्धांना मदत करा’ असे मी वर्षभर सांगितले असते, तरी हे काम मला सुचले नसते, कारण मी त्या बाकामागे बसत नव्हते. मूल जिथे बसते, जिथे खेळते, तिथून जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. म्हणून कृत्यांची यादी आपण करून देऊ नये.

पाहण्याचा हाच धडा कुष्ठरोगी अरामी सेनापती नामान याच्या गोष्टीत (२ राजे ५) आहे आणि आपल्या वर्गांत त्या गोष्टीतली लहान मुलगी फारच घाईने मागे पडते. आपण नामानावर, अलीशा संदेष्ट्यावर, बरे होण्यासाठी यार्देन नदीत मारलेल्या सात बुड्यांवर बोलतो. पण सारे सुरू होते ते इस्राएलातून धरून नेलेल्या एका लहान मुलीच्या एका वाक्याने. तिचे नाव शास्त्रात दिलेले नाही. ज्याच्या सैन्याने तिला घरापासून तोडले, त्याच्याच घरी ती दासी होती. त्याचा रोग तिने पाहिला आणि शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे धनी गेले तर बरे होतील, असे ती मालकिणीला म्हणाली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना या मुलीबद्दल बोलू द्यावे. ‘तिला राग आला नसेल का?’ हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये.

गुप्तपणे केलेल्या दयेविषयी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. ‘कोणाला न सांगता चांगले काम करा’ असे मुलांना सांगताना त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, आई-वडिलांपासून काहीही लपवायचे नाही, आणि कोणी मोठ्या माणसाने ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे म्हटले तर ते लगेच घरी सांगायचे. त्याचप्रमाणे मारणाऱ्या, छळणाऱ्या मुलाचे सारे निमूट सोसणे म्हणजे दयाळूपणा, असा समज मुलांच्या मनात राहू देऊ नये. क्षमा करणारे मूल शिक्षकांकडे तक्रारही करू शकते. आज्ञाधारक आणि मऊ स्वभावाच्या मुलांना हे वेगळे सांगावेच लागते. तीच मुले आपले शब्द जसेच्या तसे घेतात.

दुसरी अडचण येते ती आभारांची. मूल डब्यातली पोळी देते आणि समोरचा मित्र काही न बोलता खाऊन निघून जातो. अशा वेळी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट (लूक १७) उपयोगी पडते. येशूने दहाही जणांना बरे केले, पण आभार मानायला परत फक्त एकच आला. बाकीच्या नऊ जणांविषयी येशूने विचारलेही, म्हणजे त्याला ते जाणवले. पण त्यांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही. मुलाला वाईट वाटणे योग्यच आहे आणि दिलेली पोळी दिलेलीच राहते, या दोन्ही गोष्टी त्याला एकदम समजू शकतात.

शेजाऱ्यांविषयीही थोडे लिहिते, कारण आपली बहुतेक मुले अशा शाळांत आणि वस्त्यांत वाढतात, जिथे ख्रिस्ती घरे मोजकी असतात. दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो, नाताळात करंज्या व केकचे ताट आपल्याकडून जाते, हे जुने आणि सुंदर आहे. त्या ताटासोबत पत्रक पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. शोमरोन्याने जखमी माणसाला तू कोणाचा, कोणत्या देवाला मानतोस, असे विचारल्याचे कुठेही लिहिलेले नाही. मुलाने मैत्रिणीला अभ्यासात मदत केली, तर ती मदत तिथेच पूर्ण झालेली असावी. तिच्यामागे काही हेतू आहे अशी शंका जरी शेजाऱ्यांना आली, तरी मुलाच्या निर्मळ मनावर अन्याय होतो. तसेच नाताळात जुने कपडे वाटताना घेणाऱ्यांना रांगेत उभे करून, मुलांच्या हातून ते देववून छायाचित्रे काढण्याची पद्धत कृपया बंद करावी. घेणारे मूल त्याच वर्गातले किंवा त्याच गल्लीतले असते आणि त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे असते.

थोर व्यक्तींची चरित्रे सांगावीत, पण आरंभ त्यांच्यापासून करू नये. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुलींना आणून केडगावला आसरा दिला, हे प्रत्येक मराठी ख्रिस्ती मुलाला ठाऊक असायलाच हवे. परंतु सात वर्षांच्या मुलाला त्यातून ‘दया म्हणजे मोठेपणी करायचे प्रचंड काम’ असे वाटू शकते. त्या वयाला मिझोरमच्या मंडळ्यांची रीत अधिक जवळची वाटते. तिथल्या घरांत शंभराहून अधिक वर्षे स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवतात आणि तो साठलेला तांदूळ मंडळीच्या कामासाठी देतात. मूठ कोणाच्याही हाताची असू शकते, आणि मुलांना ती घालायला आवडते. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या मुठीने हे सहज करता येईल. जमलेले धान्य कोणाच्या घरी जाते, ते मात्र पाळकसाहेब व एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीपुरतेच राहावे.

पालकांना एक छोटी चिठ्ठी पाठवावी. रात्री मुलाला ‘आज काय चांगले काम केलेस?’ असे विचारू नये. त्याने मूल पुन्हा हिशेबाकडे वळते. ‘आज वर्गात कोण गप्प होते?’, ‘डबा कोणी एकट्याने खाल्ला?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकून लगेच उपाय सुचवू नये. मूल एखाद्या दिवशी ‘माहीत नाही’ म्हणेल, तर तेही ठीक आहे.

पुढच्या पाठांचा क्रम विचाराल, तर मी असा ठेवीन : प्रथम शोमरोनी आणि तोही दोन रविवार, मग नामानाच्या घरची मुलगी, मग योहानाच्या सहाव्या अध्यायातला, पाच जवाच्या भाकरी व दोन मासळ्या असलेला, ज्यांतून येशूने जमावाला जेवू घातले तो मुलगा, आणि जव हे त्या काळी गरिबांचे धान्य होते हे विसरू नये, त्यानंतर दहा कुष्ठरोगी. शेवटी यापो येथील तबीथा (प्रेषितांची कृत्ये ९) घ्यावी, जिने विधवांसाठी शिवलेले अंगरखे व वस्त्रे, ती मरण पावल्यावर, त्या विधवांनी रडत रडत प्रेषित पेत्राला दाखवली. त्या रविवारी मोठ्या गटाला घरून सुई-दोरा, चार-सहा बटणे आणि बटण तुटलेला एखादा शाळेचा शर्ट आणायला सांगावे, मुलींना आणि मुलांनाही, आणि लहान गटाला सुईऐवजी बटणे रंगांप्रमाणे निवडून द्यायला बसवावे.