सात तारांच्या गिटारवर कॉर्ड गढूळ का वाजतात?

तुम्ही लिहिलंय की जी कॉर्डचा ओळखीचा आकार सातव्या तारेवर (सगळ्यात जाड, बी सुराला लावलेल्या जादा तारेवर) नेला की नुसता गुरगुराट होतो, आणि गिटारच खराब निघाली की काय अशी शंका येते. गिटार बहुधा ठीक आहे. मीही कोथरूडच्या घरी पहिले सहा महिने तारा आणि पिकअप बदलण्यात घालवले. चूक होती ती खाली कोणते सूर शेजारी बसवायचे यात.

हे मला सवाई गंधर्व महोत्सवात बसल्या-बसल्या उमगलं. गायनाआधी तानपुरे जुळवणं चाललं होतं. पंचम (प), जोडाच्या तारा (मधला सा), शेवटी खर्ज (सगळ्यात खालचा सा). खर्जाशेजारी गंधाराची (ग) तार कोणी लावत नाही, तरी खर्ज नीट लागला की दोन सप्तकं वर गंधार आपसूक ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. म्हणजे तळाशी सा आणि पंचम, गंधाराचं घर वर.

आता तुमचा कॉर्ड पाहा. सातवी तार तिसरा फ्रेट, सहावी दुसरा, पाचवी मोकळी. हा झाला डी मेजर: डी (सा) ७३.४ हर्ट्झ, एफ शार्प (गंधार) ९२.५, ए (पंचम) ११०. डी आणि त्याच्या गंधारात जेमतेम १९ हर्ट्झचं अंतर. इतक्या खालच्या पट्टीत एवढे जवळचे सूर कानाला सुटे ऐकू येत नाहीत, खरखर ऐकू येते. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावलंत तर आणखी पंचाईत, कारण ते सुरांची बेरीज-वजाबाकी करून नवे सूर काढतं. डी आणि एफ शार्पची बेरीज १६६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ई, जो कॉर्डमध्ये नाहीच. डी आणि एची बेरीज मात्र १८३.४, वरच्या एफ शार्पच्या अगदी जवळ. पॉवर कॉर्ड (नुसते सा आणि पंचम) भरलेला वाटतो त्यात याचाही वाटा आहे. मला हे आजही विलक्षण वाटतं.

तेव्हा गंधार एक सप्तक वर न्या. सातवी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी तार चौथ्या फ्रेटवर, मधल्या दोन्ही वाजू न देता. पिकने सातवी आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने चौथी, एकदम छेडा. मायनर हवा तर दोन्ही बोटं एकाच फ्रेटवर. भरीव हवा असेल तर सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, म्हणजे पंचम, जोडा.

बाकीच्या सहा तारांवर नेहमीचे कॉर्ड वाजवताना मोकळी सातवी तार आपोआप घुमते. ई मायनरमध्ये बी खपून जातो, सी मेजरमध्ये टोचतो. मान रुंद असल्याने डावा अंगठा तिथवर पोचत नाही, म्हणून उजव्या तळव्याची कड तिच्यावर टेकवायची सवय लावा. ॲम्पवरचा गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) आणि बास तुम्हाला बरे वाटतात त्याहून कमी ठेवा, बँडमध्ये बासवाला असेल तर नक्कीच. तार ढिली वाटत असेल तर ०.०६० इंचाच्या आसपासची घाला.

सुरुवातीला तानपुऱ्याचं ॲप डीवर लावून फक्त तीन जोड्या वाजवा, सातव्या आणि चौथ्या तारेवर, अनुक्रमे फ्रेट: ३ आणि ४, ५ आणि ५, ८ आणि ९. डी, ई मायनर, जी. प्रत्येक जोडीचा वरचा सूर आधी गळ्यातून काढा, मग छेडा.