चौकावर काच टाकताय? आधी हे वाचा

प्रश्न: साताऱ्यात आमच्या नवीन घराचं काम चालू आहे, मधल्या चौकावर 10 बाय 12 फुटाचं काचेचं छप्पर करायचंय. फॅब्रिकेटर म्हणतो 12 एमएमची सिंगल टफन काच टाका, माणूस चढला तरी काही होत नाही. टाकू का?

उत्तर: नका टाकू, स्पष्टच सांगतो. टफन, म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार केलेली काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते हे खरंय, पण डोक्यावर काच बसवताना ती फुटल्यावर काय होणार ते आधी बघायचं. टफन फुटली की सगळीच्या सगळी फुटते, बारीक खडे होतात म्हणून लोक सेफ म्हणतात पण ते खडे एकमेकांना चिकटून गठ्ठ्यानं खाली येतात आणि खाली चौकात तुमची पोरं खेळत असणार. बरं, त्यासाठी दगडच पडायला पाहिजे असंही नाही, काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहून गेला असेल तर बसवल्यावर दोन-तीन वर्षांनीही ती आपोआप फुटू शकते. कारखान्यात हीट सोक टेस्ट केली, म्हणजे काच काही तास तापवून ठेवली, तर अशा बहुतेक काचा तिथंच फुटतात, पण सगळ्या नाही.

म्हणून लॅमिनेटेडच घ्या, दोन काचा आणि मधे पीव्हीबीची, म्हणजे चिकट प्लॅस्टिकची फिल्म. त्यातही दोन्ही टफन असतील आणि दोन्ही फुटल्या तर अख्खं पॅनल ओल्या गोधडीसारखं लोंबतं, हीट स्ट्रेंदन्ड, म्हणजे तापवून टफनपेक्षा सावकाश गार केलेल्या काचेचे तुकडे मोठे होतात आणि फिल्मला धरून राहतात, मी तीच घ्या म्हणेन. 8 अधिक 8 एमएम धरली तरी स्क्वेअर मीटरला 40 किलो, म्हणजे तुमच्या चौकावर नुसती काचच साडेचारशे किलोच्या आसपास! त्यामुळे जाडी आणि खालचं लोखंड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या, वारा आणि साफसफाईला चढणारा माणूस दोन्ही धरून. काच लोखंडाला थेट टेकता कामा नये, मधे रबर गॅस्केट आणि हलायला जागा पाहिजे, कोयनेचे धक्के आपल्याला नवीन नाहीत. 10 फुटाला 1 फूट तरी उतार ठेवा. आणि आंबट वासाचं सिलिकॉन कडेला अजिबात लावू देऊ नका, फिल्म कडेनं सुटायला लागते, न्यूट्रल क्युअरच, म्हणजे आंबट वास नसलेलं सिलिकॉन मागा.

प्रश्न: सांगलीत आर्किटेक्चरला आहे. न्यूयॉर्कमधल्या ॲपल स्टोअरच्या काचेच्या क्यूबमध्ये वजन खरंच काचच पेलते का?

उत्तर: हो, 2006 चा तो 32 फुटी क्यूब काचेच्याच फिन (उभ्या आधारपट्ट्या) आणि बीमवर उभा आहे, धातू फक्त जोडाच्या फिटिंगला. प्रत्येक फिन अनेक काचांचं लॅमिनेट, एक थर फुटला तरी बाकीचे भार घेतात. 2011 मध्ये 90 पॅनल काढून 15 मोठी बसवली, जोड कमी झाले. प्रोजेक्ट करणार असशील तर डिटेल जोडापासून काढायला घे.