गिरणीत ज्वारी कोणी दळली?

अंबाजोगाईचे वाचक यांस,

घरघंट्या आणि मिक्सर यांची परीक्षणे देणारे तुमचे सहा वर्षांचे संकेतस्थळ पुण्याचे एक गृहस्थ विकत घेत आहेत. वर्षभराची सरासरी मिळकत महिना २५,००० रुपये, तिच्या तीसपट म्हणून साडेसात लाख रुपये ठरले. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (इंटरनेटवरची त्याची जागा) यांचे पैसे भरले म्हणून दादा त्यातले पाच लाख मागतात, तर गुगलच्या शोधात संकेतस्थळ वर आणण्याची खटपट तुमची. आपल्यावर अन्याय होत नाही का, असे तुम्ही विचारता.

मी मात्र चार पानी पत्रातल्या एकाच ओळीपाशी अडकले: ‘लेख वहिनी लिहितात, त्यांना आवड आहे.’

आवड! तुम्ही सोबत जोडलेला लेख मी दोनदा वाचला. एकाच पोत्यातली ज्वारी तीन घरघंट्यांमध्ये दळून, कोणत्या गिरणीचे पीठ चटका बसण्याइतके गरम निघते आणि कोणत्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, हे त्यात छायाचित्रांसह दिले आहे. गुगलने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या गुणवत्तेच्या निकषांत ‘अनुभव’, म्हणजे लिहिणाऱ्याने वस्तू स्वतः वापरली आहे का, हा जोडला आणि शोधातल्या सप्टेंबर २०२३ च्या बदलानंतर परीक्षणांची कितीतरी संकेतस्थळे घसरली. तुमचे टिकले, ते तुमच्या खटपटीपेक्षा त्या चिरलेल्या भाकरीमुळे, असे मला वाटते. ॲमेझॉनचे सहयोगी खाते (संकेतस्थळावरच्या दुव्यावरून कोणी खरेदी केली की दलाली देणारे) तर परस्पर दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, त्यामुळे खरेदीदार पैसे मोजतो ते मुख्यतः डोमेनचे आणि या लेखांचे.

आणि लेख तुमचे नाहीत, दादांचेही नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत असताना लिहिलेले नसेल तर, मजकुराचा पहिला मालक लिहिणारा असतो, आणि त्याने सही करून लेखी दिल्याशिवाय तो हक्क दुसऱ्याकडे जात नाही. वहिनींना तुम्ही कधी पगार दिलात, की कागद केलात? शिवाय ‘विक्रेता व कुटुंबीय तीन वर्षे या विषयावर लिहिणार नाहीत’ असे कलम मसुद्यात आहे म्हणता. तुम्ही दोघे भाऊ एरवीही लिहीत नाही. ही बंदी एकट्या वहिनींवर पडते.

दादांशी हिशेब नंतर करा. आज खरेदीदाराला फोन करून आठ दिवस मागून घ्या, कराराचा मसुदा मराठीत करवून वहिनींच्या हाती द्या, विकायचे की नाही हे आधी त्यांना विचारा, आणि त्या वाचत बसल्या असताना तुमच्यापैकी कोणीही चहा मागू नका.