जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडची फक्त फिल कॉलिन्सच्या काळातली हिट गाणी ऐकली आहेत; पंधरा स्टुडिओ अल्बमपैकी जुने कुठून सुरू करू?

'अ ट्रिक ऑफ द टेल' (1976) पासून सुरू करा. आधीचा गायक पीटर गेब्रियल 1975 मध्ये बाहेर पडल्यावरचा हा पहिला अल्बम. गायला कॉलिन्सच आहे, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटेल. रचना मात्र जुन्याच वळणाच्या, लांब आणि वळणं घेत जाणाऱ्या. मग मागे 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (1973) कडे जा. त्यातलं 'फर्थ ऑफ फिफ्थ' हेडफोन लावून सलग ऐका: सुरुवातीला टोनी बँक्सचा पियानो, मध्ये बासरीवर एक साधी, उदास सुरावट, आणि शेवटाकडे तीच सुरावट स्टीव्ह हॅकेटच्या गिटारवर लांबवत नेलेली. हे एकदा पकडलं की या बँडचं सगळं जुनं काम उलगडायला लागतं. पुढचा क्रम असा:

- 'फॉक्सट्रॉट' (1972): 'सपर्स रेडी' सुमारे 23 मिनिटांचं आहे, तुकड्यांत ऐकू नका
- 'विंड अँड वदरिंग' (1976): हॅकेटचा शेवटचा
- 'ड्यूक' (1980): जुनं आणि नवं इथे जोडलं जातं

'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' (1974) हा डबल अल्बम सर्वात शेवटी. एकच सलग कथा आहे. शब्द समोर नसतील तर दुसऱ्या भागात हमखास हरवायला होतं. 1969 चा पहिला अल्बम सध्या सोडला तरी चालेल.

एक मात्र बघा: 2007-08 मध्ये या अल्बमांची नव्याने मिक्स केलेली आवृत्ती आली. त्यात वाद्यं सुटी ऐकू येतात, पण आवाज चढवल्यामुळे हळू-मोठ्यातला फरक कमी झालाय. जुनं मिक्स मिळालं तर तेच घ्या.